मराठी विध्यर्थातून स्पॅनिश सुब्खुन्तीबो: सहा तासिकांचा वर्ग

इच्छा, विनंती किंवा शंका व्यक्त करणारे स्पॅनिश क्रियापदाचे रूप, म्हणजे सुब्खुन्तीबो, मराठी माध्यमातून शिकवणारा एका छोट्या शिकवणीचा सहा तासिकांचा ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. याआधी केवळ तक्ते पाठ करून दोनदा हा विषय सोडून दिला होता. या वेळी तो समजला.

पहिल्या तासिकेत बाईंनी तक्ता दाखवलाच नाही. ‘तू मराठी बोलतोस’ आणि ‘तू मराठी बोलावेस अशी माझी इच्छा आहे’ ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून, ‘बोलतोस’ या जागी स्पॅनिशमध्ये ‘आब्लास’ येते आणि ‘बोलावेस’ या जागी ‘आब्लेस’, एवढेच त्यांनी सांगितले. मराठीत आदराने ‘आपण बोलावे’ असे म्हणताना आपण विध्यर्थ वापरतो. स्पॅनिशमध्येही ‘उस्तेद’ म्हणजे ‘आपण’ असे संबोधून विनंती करताना हेच रूप, ‘आब्ले’, वापरतात, हे कळल्यावर मला विलक्षण आनंद झाला.

नियमित क्रियापदांचा नियम त्यानंतर अगदी सहज आला. वर्तमानकाळातील ‘मी’चे रूप घ्यायचे, शेवटचा ‘ओ’ काढायचा आणि स्वरांची अदलाबदल करायची: ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ‘ए’, ‘एर’ व ‘इर’ने संपणाऱ्यांना ‘आ’. म्हणून बोलण्याची रूपे आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. खाण्याची कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान. ‘बिबा मेखिको’ या घोषणेतील ‘बिबा’ हे ‘बिबिर’, म्हणजे जगणे, या क्रियापदाचे असेच रूप आहे. ‘आब्ले’चा आघात पहिल्या अक्षरावरून शेवटच्या अक्षरावर गेला, तर अर्थ ‘मी बोललो’ असा होतो; हा फरक बाईंनी प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेतला.

टिपणे देवनागरीत काढणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. ‘बुस्कार’, म्हणजे शोधणे, याचे ‘बुस्के’ होताना उच्चारातील ‘क’ तसाच राहतो, परंतु रोमन लिपीत ‘सी’ हे अक्षर जाऊन तेथे ‘क्यू’ आणि ‘यू’ येतात. माझ्या वहीत हे शब्द बिनचूक दिसत होते आणि चाचणीत तेच चुकले. लेखनातील हा बदल शेवटच्या तासिकेत दहा मिनिटांत उरकला गेला, हे मला खटकले.

त्याहून मोठी उणीव म्हणजे मराठीची साथ कुठे सुटते, ते पुरेसे सांगितले नाही. ‘तू पोहोचशील तेव्हा मला फोन कर’ या वाक्यात मराठीत भविष्यकाळ येतो, स्पॅनिशमध्ये मात्र ‘क्वान्दो येगेस’ असा सुब्खुन्तीबो लागतो. ‘तो बोलत असेल असे मला वाटत नाही’ या वाक्यातही तीच गत. अशा वाक्यांसाठी आणखी एक तासिका ठेवावी, अशी विनंती मी बाईंना केली आहे. वर्तमानकाळ पक्का झालेल्या कोणालाही हा वर्ग मी निःशंकपणे सुचवेन. ज्यांचा तो कच्चा आहे त्यांनी आधी ‘मी’ची रूपे घोटून मगच नाव नोंदवावे.