ओझो की ऑस्फ्राइनोमाइ? वासाचं प्राचीन ग्रीक क्रियापद कुठलं घ्यायचं

मैत्रीण प्राचीन ग्रीक शिकतेय आणि 'वास' लिहिताना नेहमी अडते, दोनपैकी कुठलं वापरू म्हणून.

आधी कर्ता बघ. ओझो म्हणजे वास येणं, मारणं, कर्ता ती वस्तू. ऑस्फ्राइनोमाइ म्हणजे वास घेणं किंवा जाणवणं, इथे कर्ता नाकवाला. मराठीतही येणं-घेणं वेगळंच आहे त्यामुळे आपल्याला हे इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपं जातं, त्यांचं एकच क्रियापद दोन्हीकडे राबतं.

विभक्तीत फरक नाही, कशाचा वास ते दोघांतही षष्ठीतच.

रूपं मात्र डोकेदुखी. ओझोचा परफेक्ट (पूर्ण काळाचं रूप) ओडोडा, दिसायला भूतकाळ पण अर्थ वर्तमानाचा, आणि होमरच्या ओडिसी महाकाव्यात याच्याच भूतकाळी रूपाने कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर जळत्या देवदाराचा वास पसरतो. ऑस्फ्राइनोमाइ आत्मनेपदीच चालतं, संस्कृत शिकलेल्याला झेपेल, पण भूतकाळात 'ऑस्फ्रोमेन' असं आखडतं आणि पटकन ओळखू येत नाही, मला तरी हेच जास्त छळतं.

इतिहासकार हेरोडोटसमध्ये लिडियाचा राजा क्रीससचे घोडे पर्शियाचा राजा सायरसच्या उंटांचा वास येताच उलटे फिरतात, तिथे ऑस्फ्राइनोमाइ. योहानाच्या शुभवर्तमानात मार्था तिच्या मेलेल्या भावाबद्दल, लाजरसबद्दल म्हणते, 'आता वास येतोय', तिथे ओझेइ. आणि हो, ओझोन वायूचं नाव पण ओझोवरूनच, शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने 1840 च्या सुमारास दिलेलं.

नवा करार किंवा नाटककार अॅरिस्टोफेनिसचे विनोद वाचायचेत तर आधी ओझो पाठ कर. शिकारी कुत्रे, वैद्यक, ज्ञानेंद्रियं असलं काही असेल तर ऑस्फ्राइनोमाइला पर्याय नाही.