जेसन लिहायचा कसा: स्ट्रिंग, मॅप की रेकॉर्ड?

जावास्क्रिप्टवरून जावा किंवा सी शार्पकडे आलेल्याचा पहिला वैताग ठरलेला: चार ओळींच्या जेसनसाठी (नाव आणि किंमत अशा जोड्यांत माहिती पाठवायच्या मजकुरासाठी) एवढा कोड?

डोळ्यांना सगळ्यात सोपी थेट स्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच लिहिलेला सलग मजकूर. जावा १५ चे टेक्स्ट ब्लॉक (२०२०) आणि सी शार्प ११ ची रॉ स्ट्रिंग (२०२२) आल्यापासून अवतरणचिन्हांमागे बॅकस्लॅश लावत बसावं लागत नाही. पण त्यात व्हेरिएबल जोडलं की घात. मी एकदा पत्ता असाच चिकटवला होता. कुणीतरी इमारतीचं नाव अवतरणचिन्हांत लिहिलं आणि सर्व्हरने अख्खी रिक्वेस्ट नाकारली. कंपायलर बिचारा काय बोलणार, त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं. टेस्टमधल्या ठरलेल्या नमुन्यांसाठी मात्र मी आजही स्ट्रिंगच घेतो.

मॅप, म्हणजे नाव-किंमत जोड्यांचा साठा, मला फारसा पटत नाही. जावातलं मॅप.ऑफ सुटसुटीत दिसतं, पण दहा जोड्यांपुढे जात नाही, नल (रिकामी किंमत) चालत नाही आणि क्रमाची हमी नाही: आज आयडी आधी, उद्या तारीख आधी. जेसनच्या नियमांत क्रमाला अर्थ नसेलही, लॉग वाचणाऱ्याला असतो. लिंक्डहॅशमॅपने क्रम टिकतो, पण मग एकेक जोडी टाकणाऱ्या पुटच्या ओळींची रांग लागते आणि कोण कोणाच्या आत आहे ते कळेनासं होतं.

एकदाच लागणाऱ्या जेसनला सी शार्पचा अनॉनिमस टाइप (नाव न देता जागीच लिहिलेला आकार) उत्तम. कंसात कंस, जेसनचाच आकार, आणि एस्केपिंग (अवतरणचिन्हांसारखी अक्षरं सांभाळणं) लायब्ररी बघते. रस्ट भाषेत हेच काम सर्डे-जेसन या लायब्ररीचा जेसन मॅक्रो करतो. जोडीतलं नाव (की) चुकीचं टाइप केलं तर दोन्हीकडे कुणी हटकत नाही, एवढं लक्षात ठेवा.

तोच आकार दुसऱ्या ठिकाणी लागला की सरळ रेकॉर्ड, म्हणजे ठरलेल्या फील्डचा नाव दिलेला टाइप, करा. जावा १६ पासून तो एका ओळीत होतो. फील्डचं नाव किंवा टाइप चुकला तर बिल्डच अडतो. गो भाषेत स्ट्रक्ट (तिथला रेकॉर्डसारखा प्रकार) घेताना एक खोडी सांभाळा: फील्डचं पहिलं अक्षर कॅपिटल नसेल तर ते जेसनमधून गुपचूप गायब होतं, एररसुद्धा येत नाही.

आणि सी शार्पमध्ये कोड कितीही देखणा लिहा, सिस्टिम.टेक्स्ट.जेसन ही तिथली लायब्ररी मूळ सेटिंगमध्ये ‘नाव’ छापताना ‘न’च्या जागी बॅकस्लॅश, यू आणि ०९२८ टाकते. एन्कोडरला (अक्षरं कशी लिहायची ते ठरवणाऱ्या भागाला) देवनागरीची मुभा द्या, मगच लॉग उघडा.