घराण्याचा शोध: जुने वाचनालय की पेशवे दफ्तर?
घराण्याचा इतिहास शोधताना आधी शहरातील जुन्या वाचनालयात बसावे की थेट पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर (पेशवेकालीन सरकारी कागदपत्रांचा संग्रह) गाठावे, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

खरा फरक श्रमांचा आहे. दफ्तरातील बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत, त्यामुळे ती येत नसेल तर जाणकाराची मदत घ्यावी लागते; शिवाय वतनाच्या एखाद्या तंट्यात आडनाव सापडले, तरी ते आपल्याच पूर्वजाचे आहे हे गाव, वतन आणि पिढी जुळवूनच ठरवावे लागते. नाशिकच्या १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या संस्थांत मात्र छापील कुलवृत्तांत (घराण्याच्या वंशावळी व माहितीची पुस्तके), गॅझेटियर, स्मरणिका आणि नियतकालिके हाती येण्याची शक्यता असते, आणि ती देवनागरीत किंवा इंग्रजीत असल्याने कोणालाही वाचता येतात.

विश्वासार्हतेत दफ्तर सरस आहे. कुलवृत्तांत बहुधा कुटुंबांनी कळवलेल्या माहितीवर रचलेले असतात. त्यांतील जुन्या पिढ्या ऐकीव असू शकतात आणि लेकीसुनांची नावे अनेकदा गाळलेली असतात, ही मला फार मोठी उणीव वाटते.

गेल्या शे-सव्वाशे वर्षांतील माणसे आणि गाव समजून घ्यायचे असेल, तर वाचनालय पुरेसे आहे. वतन, इनाम किंवा पेशवाईतील चाकरीचा पुरावा हवा असेल, तर मोडी शिकून दफ्तरात जावे.