१० किलोवॉटचा स्वर्ल बर्नर: हवेवर भक्कम, ऑक्सी-फ्यूलवर जपून

मिथेनच्या ज्योतीवर काम करण्यासाठी प्रयोगशाळेत जो छोटा, आधीच मिसळलेल्या वायूवर चालणारा स्वर्ल बर्नर (वायूला भोवऱ्यासारखं फिरवून ज्योत जागेवर धरणारा) घेतात, त्याचं हे परीक्षण. रचना अशी: ३० मिमी व्यासाचं तोंड, मधोमध १५ मिमीचा दांडा, ४५ अंशांची सपाट पाती, वर क्वार्ट्झची नळी. फक्त हवेवर चालवायचा असेल तर बिनधास्त घ्यावा. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणावर, म्हणजे ऑक्सी-फ्यूलवर, चालवायचा असेल, तर खरी कसोटी बर्नरची नसून त्याच्या वायुपुरवठ्याची असते.

या मापांना स्वर्ल नंबर, म्हणजे प्रवाह पुढे जाण्याच्या तुलनेत किती गरगरतो त्याचा आकडा, ०.७८ येतो. तो ०.६ च्या वर असला की मधला प्रवाह उलटा वळतो, दांड्याच्या टोकावर गरम वायूचा भोवरा ठाण मांडतो आणि येणाऱ्या नव्या मिश्रणाला सतत पेटवत राहतो. पाती ३० अंशांची केली तर हाच आकडा ०.४५ वर घसरतो आणि भोवऱ्याचा आधार जातो. म्हणून पाती बदलता येतात का, हे आधी पाहावं. वेल्ड करून टाकलेली पाती असलेला बर्नर एकाच प्रकारच्या ज्योतीला बांधून ठेवतो.

हवेवरची कामगिरी उत्तम. १० किलोवॉटला मिनिटाला १६.८ सामान्य लिटर (शून्य अंश आणि वातावरणाच्या दाबाला मोजलेले) मिथेन लागतो. समतुल्यता गुणोत्तर, म्हणजे फाय (१ ला इंधन आणि हवा नेमक्या प्रमाणात, त्याखाली हवा जास्त), ०.८ ठेवलं तर हवा २०० लिटर. तोंडाशी वेग, खोलीच्या तापमानाला, सेकंदाला साधारण ७.४ मीटर. ज्योत निळी, व्ही आकाराची, टोकाला घट्ट बसलेली. फाय खाली आणत गेलं की ती लांबते, फिकट पडते, मग तिचं मूळ टोकावरून उचलतं आणि पुन्हा बसतं. त्या वेळचा धपधप आवाज ओळखायला शिकावं, कारण ०.५ च्या आसपास ज्योत विझते आणि ही धपधप त्याआधीची शेवटची सूचना असते. एकाच सुरातली घुमघुम मात्र वेगळी. ती नळीच्या ध्वनीशी जोडलेली असते, तिथे नळीची लांबी बदलून बघावी.

आता ऑक्सी-फ्यूल. कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनपेक्षा जास्त उष्णता पोटात घेतो, म्हणून ऑक्सिजन ३० ते ३५ टक्के ठेवला तेव्हा कुठे ज्योतीचं तापमान हवेच्या जवळ येतं. शिवाय तो नुसता बघ्या नसतो. जे हायड्रोजन अणू ऑक्सिजनशी भिडून साखळी पुढे नेतात, त्यातले काही तोच पकडतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्यामुळे तापमान सारखं असूनही ज्योत हळू चालते. २१ टक्क्यांवर ती टिकेल ही अपेक्षाच ठेवू नये.

तीच शक्ती, तेच ०.८ फाय आणि ३५ टक्के ऑक्सिजन घेतला, तर ऑक्सिजन ४२ लिटर आणि कार्बन डायऑक्साइड ७८ लिटर लागतो. मिथेन धरून एकूण प्रवाह हवेच्या २१७ लिटरवरून १३७ वर येतो आणि तोंडाशी वेग ४.७ मीटर उरतो. हवेसाठी बेतलेलं तोंड इथे ढिलं पडतं, ज्योत आत शिरायला वाट मिळते. पूर्वीचा वेग हवा असेल तर तोंड २५.५ मिमीवर आणणारं आतलं कडं आणि त्या मापाची पाती संचासोबतच मागून घ्यावीत.

सगळ्यात मोठा धोका मात्र सिलिंडरपाशी असतो. मिनिटाला ७८ लिटर म्हणजे तासाला ९ किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. एवढा वायू एकाच सिलिंडरमधून ओढला की रेग्युलेटरवर पांढरा बर्फ चढतो आणि प्रवाह गुपचूप खाली येतो. तो ७८ चा ६० झाला तर ऑक्सिजन ३५ वरून ४१ टक्क्यांवर जातो. ज्योतीचा वेग वाढतो आणि नेमका तेव्हाच मिश्रणाचा वेग घटलेला असतो. फ्लॅशबॅक, म्हणजे ज्योत उलटी बर्नरच्या आत शिरणं, होतो तो असा. प्रेशर गेजवर भिस्त ठेवू नये. आत द्रव आहे तोवर २० अंशांना तो ५७ बारच दाखवणार, शिल्लक किती ते वजनावरूनच कळतं. गरम होणारा रेग्युलेटर, किमान दोन सिलिंडर जोडीने, आणि कार्बन डायऑक्साइड ठरल्यापेक्षा १० टक्क्यांनी घसरताच मिथेन व ऑक्सिजन दोन्ही आपोआप तोडणारा इंटरलॉक: यातलं एक जरी नसेल तरी ऑक्सी-फ्यूलवर बर्नर पेटवूच नये.

तसाच फसवा मास फ्लो कंट्रोलर, म्हणजे वायूचा प्रवाह मोजून ठरल्या आकड्यावर ठेवणारं यंत्र. तो नायट्रोजनवर जुळवलेला असेल तर कार्बन डायऑक्साइड साधारण ०.७ पटच जातो. पडद्यावर ७८, प्रत्यक्षात ५५, आणि ऑक्सिजन ४३ टक्क्यांच्या पुढे.

पेटवताना आधी फक्त हवा सोडून नळी धुवून घ्यावी, ठिणगी चालू करावी, मग मिथेन. ज्योत बसली की हवा टप्प्याटप्प्याने कमी करत प्रत्येक टप्प्यात आधी कार्बन डायऑक्साइड, मग ऑक्सिजन वाढवावा. बंद करताना मिथेन आधी, नंतर ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड सर्वांत शेवटी. ऑक्सिजनच्या वाटेवर तेल, ग्रीस नको. ओ-रिंग आणि टेप ऑक्सिजनला चालणारेच. झडप हळूच उघडावी. खोलीत कार्बन डायऑक्साइडचा अलार्म आणि वर धुराडं हवंच.

क्वार्ट्झची नळी हातमोजे घालूनच धरावी. बोटांचे ठसे राहिले तर तापल्यावर तिथेच पांढरे, धुरकट डाग उमटतात आणि ते पुसून जात नाहीत.

मोजमापाचंही सांगायला हवं. फाय ०.८ च असताना कोरड्या धुरात हवेवर ऑक्सिजन ४.६ टक्के दिसतो, ऑक्सी-फ्यूलवर ८.१, कार्बन डायऑक्साइड ९ वरून ९२ टक्क्यांवर जातो. कार्बन डायऑक्साइड २० टक्क्यांपर्यंतच मोजणारा विश्लेषक इथे कामाचा नाही. दोन्हीकडे धुराचं एकूण प्रमाण वेगळं असल्याने नायट्रोजन ऑक्साइडची तुलनाही पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) न करता प्रति मेगाज्यूल करावी.

एक उणीव सहज भरून निघण्यासारखी आहे: दांड्याच्या टोकात थर्मोकपलसाठी (तापमान मोजणाऱ्या तारेसाठी) भोक. ते नसेल तर दर वेळी गार झाल्यावर दांडा काढून पाहावा. टोकाखाली, पात्यांच्या दिशेने, स्टीलवर आधी गवती पिवळा आणि मग निळा रंग सरकलेला दिसला, तर ज्योत आत जाऊन आली आहे.