वेबसाइट ताब्यात घेण्याआधी एनव्हीडीए: काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरातल्या ज्या छोट्या संस्था बाहेरून वेबसाइट करून घेतात, त्यांनी शेवटचा हप्ता देण्याआधी विंडोजच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए जरूर टाकावे. हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर अंध वापरकर्त्याला वाचून दाखवणारा प्रोग्राम, मोफत आहे. टूल्समधला स्पीच व्ह्यूअर उघडला की तो जे बोलतो ते पडद्यावर लिहूनही येते. तोच मजकूर कॉपी करून डेव्हलपरला पाठवला की वाद उरत नाही.

सुरुवात देणगीच्या पानापासून करा. माउस बाजूला ठेवून फक्त टॅबने पुढे जा. रकान्यावर आल्यावर नुसते ‘एडिट’ ऐकू आले, तर लेबल, म्हणजे रकान्याचे नाव, त्याला जोडलेलेच नाही. मग मोबाइल नंबर मुद्दाम चुकवा. चौकट लाल झाली आणि एनव्हीडीए गप्प राहिले, तर अंध देणगीदार तिथेच अडकणार. इन्सर्ट + एफ७ दाबून शीर्षके (हेडिंग्ज) निवडल्यावर यादी रिकामी दिसली, तर पानावरची मोठी अक्षरे फक्त सजावटीची आहेत, कोडमध्ये शीर्षके नाहीत.

आपल्याकडे खरी कसोटी भाषेची. मराठी, तेलुगू, कन्नड मजकूर एकाच पानावर असतो आणि डेव्हलपर सगळ्या पानाची भाषा इंग्रजीच ठेवतो; मग उच्चारांचा पार विचका होतो. कोडमध्ये पानाला ‘एमआर’ (मराठी) आणि त्यातल्या तेलुगू, कन्नड परिच्छेदांना ‘टीई’, ‘केएन’ हे भाषासंकेत लावून घ्या. जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरे असतात आणि कानावर निरर्थक आवाज पडतात. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावाच लागतो.

उणिवा आहेत. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रामचा मराठी आवाज यांत्रिक आहे, सवय होईपर्यंत जड जातो. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक (कॉन्ट्रास्ट) पुरेसा आहे का, हे एनव्हीडीए सांगत नाही. त्यासाठी ब्राउझरमध्ये वेव्ह हे पान तपासणारे मोफत एक्स्टेंशन वापरा. साध्या मजकुराला हा फरक किमान ४.५:१ हवा आणि झेंड्यातल्या केशरीवर पांढरी अक्षरे जेमतेम २:१ भरतात. पण वेव्हमध्ये एकही चूक दिसली नाही म्हणून पान पास समजू नका: फोटोचे वर्णन ‘इमेज१’ असले तरी ते ‘आहे’ एवढेच यंत्राला कळते. वेबसाइटच्या कोपऱ्यात तरंगणारे, ती आपोआप दिव्यांगांना सोयीची करण्याचा दावा करणारे ‘सुलभता’ बटण विकायला कोणी आले तर पैसे वाचवा. लेबलाविना राहिलेला अर्ज त्याने भरवशाने दुरुस्त होत नाही.

वर्क ऑर्डरमध्ये ‘दिव्यांगस्नेही असावी’ एवढेच लिहून काही हाती लागत नाही. ‘डब्ल्यूसीएजी २.१, पातळी एए’ (वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) असे लिहा, तपासायच्या पानांची नावे द्या आणि २० टक्के रक्कम कीबोर्ड व एनव्हीडीए चाचणीनंतरच देण्याची अट घाला. वेबसाइटची थीम (रंगरूपाचा साचा) बदलली की देणगीचे पान पुन्हा तपासा. लेबले बहुधा तिथेच गळतात.