पहिली गाडी, नवं लायसन्स: इन्शुरन्स ॲपवरून घ्यावा की एजंटकडून?

आमच्या सोलापुरात नवं लायसन्स मिळालेल्या बहुतेकांची पहिली गाडी सेकंडहँडच असते. मीही तशीच वॅगनआर घेतली. आधीच्या मालकाची पॉलिसी ॲपवरून काढलेली होती. तिची मुदत संपली तेव्हा मी इथल्याच एका एजंटकडून दुसऱ्या कंपनीची घेतली. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच गाडीवर वापरून झाले आहेत. खिसा बेताचा असलेल्या नव्या ड्रायव्हरला ठरवताना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय.

वय कमी आणि लायसन्स कोरं, म्हणून हप्ता जास्त पडेल असं बरेचजण धरून चालतात. आपल्याकडे हप्ता मुख्यतः गाडीवरून ठरतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या इन्शुरन्सचा, दर तर सरकारच ठरवतं. जून 2022 पासूनच्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या कारला वर्षाला 2094 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीला 3416 रुपये, वर जीएसटी. म्हणजे ऑल्टो के10 किंवा एक लिटरची वॅगनआर घेतली, तर स्विफ्टच्या तुलनेत दरवर्षी तेराशेच्या वर तिथेच वाचतात. हा आकडा ॲपवर आणि एजंटकडे सारखाच असतो, त्यात घासाघीस चालत नाही.

नुसती थर्ड पार्टी फार जुन्या गाडीलाच घ्यावी, असं माझं मत. उसाच्या हंगामात मंगळवेढा रोडला रात्री मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अचानक समोर येते, आणि नवा हात नेमका तिथे गडबडतो.

फुल इन्शुरन्समध्ये आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्यात मात्र फरक पडतो. इथे ॲप स्वस्त आहे, हे मान्यच केलं पाहिजे. मला अर्ध्या टाकी पेट्रोलइतका फरक दिसला. फक्त आकडे पाहताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, दोन्हीकडे सारखी ठेवा. ॲपवर ती बोटाने खाली ओढली की हप्ता लगेच उतरतो, पण गाडी चोरीला गेली तर तेवढेच कमी हातात येतात. व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला जो भाग आपणहून भरायचं कबूल करतो, त्याचंही तेच. आज सूट मिळते, पण क्लेमच्या वेळी तेवढा भार आपल्यावर येतो.

माझं मन बदललं ते पॉलिसी नावावर करताना. सेकंडहँड गाडी घेतली की थर्ड पार्टी कव्हर आपोआप नव्या मालकाकडे येतं. आपल्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर मात्र 14 दिवसांत अर्ज करून नावावर करून घ्यावं लागतं. आधीच्या मालकाचा एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, त्याचा फरक भरावा लागतो. पैसे भरायला माझी काहीच हरकत नव्हती. अडलं ॲपवर टाकायच्या गाडीच्या फोटोंवर. दुपारी काढले तर आपल्या इथल्या उन्हात पांढरं बॉनेट असं चमकायचं की नंबर दिसत नाही म्हणून परत. संध्याकाळी काढले तर उजेड कमी म्हणून परत. आरसीचं कार्ड पोस्टाने यायचं होतं, डिजिलॉकरवर माझं नाव दिसत होतं, तरी कार्डाचाच फोटो हवा. कस्टमर केअरला फोन लावला की दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. शेवटी काम झालं, नाही असं नाही. पण मधल्या काळात गाडी ठोकली गेली असती तर दुरुस्तीचा सगळा खर्च माझ्या अंगावर आला असता. नुकतीच चालवायला लागलेल्या माणसाला ही धाकधूक परवडत नाही.

एजंट काकांचा अनुभव वेगळा. नवी पेठेत पार्किंगमधून काढताना माझा मागचा बंपर खांबाला घासला. क्लेम करायच्या तयारीनेच मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गॅरेजचं एस्टिमेट उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. माझ्या पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं ॲड-ऑन, नाही. बंपर प्लास्टिकचा, म्हणून निम्मा घसारा. त्यातून दर क्लेमला आपणच भरायचे सक्तीचे 1000 वजा. उरलेल्या रकमेखाली एक रेघ मारली आणि तिच्याखाली पुढच्या वर्षी मिळणारा 20 टक्के एनसीबी किती रुपयांचा होतो, ते लिहिलं. एनसीबीचा आकडा मोठा होता. "क्लेम नको, पदरचे घाल," म्हणाले. ॲपने क्लेम निमूटपणे नोंदवून घेतला असता, असं मला वाटतं.

एजंटकडेही त्रास आहे. रविवारी फोन उचलत नाहीत, आणि गरज नसलेले ॲड-ऑन पुढे करण्याची सवय बऱ्याच जणांना असते. म्हणून जाताना ॲपवरचा कोट मोबाईलवर काढूनच न्या. मी दाखवला तेव्हा सूट थोडी वाढवून मिळाली आणि फरक बराचसा कमी झाला.

घरात आणखी एक गोष्ट विचारून ठेवा. वडिलांनी जुनी कार विकली असेल आणि क्लेम घेतलेले नसतील, तर त्यांचा एनसीबी त्यांच्याच नावावर राहतो. तो गाडीबरोबर जात नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की ते तीन वर्षं चालतं आणि 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. नवी गाडी वडिलांच्या नावावर घेतली तर ती सूट लागू होते, आणि वैध लायसन्स असेल तर चालवायला तुम्ही मोकळे. आपल्या नावावर घेतली तर शून्यापासून सुरुवात.

शोरूममधून नवी गाडी घेतलेल्याने, कागद सगळे सरळ असतील तर, ॲपवरून रिन्यूअल करायला काही हरकत नाही. त्याला माझ्यासारखा त्रास कदाचित होणारही नाही. सेकंडहँड असेल, त्यातून पुण्याची एमएच 12 इथे आणून नावावर करायची असेल, तर मी त्याला थोडे जास्त पैसे देऊन जवळचा एजंट धरायला सांगेन. मी पुढचं रिन्यूअलही काकांकडेच करणार आहे.