सायलेन्सरचं रबर: कंपनीचं, लोकल, पॉली का नुसती तार?

दारात जुनी 800, इंडिका, सँट्रो असं काही असेल आणि ब्रेकरवरून उतरताना मागून ठण्ण करायला लागली असेल तर बहुतेक वेळा सायलेन्सर लटकवायचं रबर गेलेलं असतं. मग सल्ले चालू होतात, दुकानदार म्हणतो कंपनीचंच घ्या, शेजारी म्हणतो लोकल टाका काय फरक पडतोय, गॅरेजवालं पोरगं तार घेऊन तयारच असतं, आणि पुण्याहून आलेला भाचा म्हणतो मामा पॉलीयुरेथेनचे टाका, कटकटच जाईल.

पैसे काढायच्या आधी एक करा, सायलेन्सर पूर्ण गार असताना मागच्या टोकाला धरून हलवा. डब्बा झुलून बॉडीला नाहीतर ॲक्सलला लागत असला तर रबर, आणि नुसता पातळ पत्र्याचा चिरचिर आवाज आला तर तो हीट शील्डचा, म्हणजे धग अडवणारा पत्रा, तो वेगळा विषय, एका क्लिपात मिटतो.

आता तारेचं. तार वाईट का, तर ती तुटते म्हणून नाही, ती हलू देत नाही म्हणून. सायलेन्सरची लाईन गाडीखाली गच्च बसवायची वस्तूच नाही. अडीच मीटरची लोखंडी पाइप तीनशे अंशाने तापली की जवळपास 9 मिलीमीटर लांब होते, त्यात इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाणाऱ्या या गाड्यांमध्ये इंजिन आडवं बसवलेलं, रेस दिली की ते मागेपुढे झुलतं आणि सगळी पाइप सोबत ओढतं. हे सगळं ते बोटभर रबर सहन करत असतं. तारेनं आवळून टाकलं की तोच ताण पुढं जातो, आधी फ्लेक्सिबल, म्हणजे पाइपमधला लवचिक तुकडा फाटतो, नाहीतर मॅनिफोल्डजवळचं (इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथलं) पॅकिंग उडतं, नाहीतर वेल्डिंगला चीर जाते. वर सिग्नलला उभं राहिलं की सीटखाली घूंऽऽ असा आवाज घुमायला लागतो तो वेगळाच. तेव्हा तार ही घरी पोचायपुरती, परळीच्या रोडवर रात्री डब्बा लोंबला तर बांधा बिनधास्त, जरा ढिली बांधा, पण दुसऱ्या दिवशी काढा. लोक विसरतात आणि ती तार दोन दोन वर्षं तशीच राहते.

खरी स्पर्धा लोकल आणि कंपनीचं यातच आहे. चांगलं रबर बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं, ते उष्णता, ऊन, हवा सोसतं. स्वस्त लोकलमध्ये बरेचदा जुन्या टायरचं रिक्लेम रबर मिसळलेलं असतं, दिसायला एकसारखं काळं, पण आपल्याकडचा मे महिना आणि वरून सायलेन्सरची धग, वर्षात कडक होऊन तडकतं. दुकानातच बघता येतं, हातात घेऊन अंगठ्यानं वाकवा, भोकाच्या कडेला बारीक पांढरट रेषा उठल्या तर ठेवून द्या. कडेला साच्याची जाड शिवण सुटलेली असेल, भोकं नीट मध्ये नसतील तरी ठेवून द्या. जुनं काढलेलं रबर सोबतच घेऊन जा आणि शेजारी ठेवून बघा, जुन्याचं गोल भोक अंड्यासारखं ओघळलेलं दिसेल, तेवढा डब्बा खाली आलेला असतो. त्यामुळं माप ओघळलेल्या भोकावरून घेऊ नका, भोकांमधलं अंतर गाडीचं मॉडेल सांगूनच जुळवा. काही गाड्यांच्या रबरात आत लोखंडी कडी किंवा साखळी असते, रबर फाटलं तरी डब्बा रस्त्यावर पडू नये म्हणून, तुमच्या जुन्यात ती असेल तर नव्यातही असलीच पाहिजे, लोकलवाले नेमकं तेच गाळतात.

माझं मत विचाराल तर पुढचं कंपनीचं आणि मागचं चांगलं लोकल. पुढचं रबर कॅटॅलिटिकच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्ब्याच्या आसपास, सगळ्यात जास्त धग तिथं, आणि ते गेलं तर नुकसानही पुढच्या महागड्या सामानाचं. मागच्या डब्ब्यापाशी धग कमी, तिथं गेलं तरी आवाज लगेच कळतो. मारुतीची 800 बनायची 2014 मध्ये बंद झाली, इंडिका 2018 मध्ये, तरी असल्या गाड्यांचं हे रबर शोधलं की सापडतं, तालुक्याला नाही तर छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरला. पण कंपनीचं म्हणून वर्षानुवर्षं दुकानात पडलेलं रबर घेऊ नका, ते डबीतच म्हातारं होतं, पाकिटावरची तारीख बघा.

पॉलीचं थोडक्यात, घेऊ नका. ते कडक असतं म्हणून रेसिंगवाल्यांना आवडतं, डब्बा हलत नाही, पण जुन्या गाडीचं इंजिन आधीच थरथरतंय, ती सगळी थरथर मग थेट फरशीत येते. आणि नेहमीच्या पॉलीयुरेथेनला ईपीडीएमइतकी उष्णता झेपत नाही, कॅटॅलिटिकजवळ ते मऊ पडून ओघळतं. भाच्याच्या गाडीला टाकू द्या.

एकच बदलायचं का सगळे? दगड लागून किंवा बांधावर आपटून तुटलं असेल तर एकच बदला, बाकीचे धड आहेत. पण वयानं तडकलं असेल तर सगळे एका दमात बदला, कारण सगळे त्याच दिवशीचे, आणि एक गेलं की त्याचं वजन शेजारच्यावर आलेलंच असतं. सगळे मिळून खर्च फ्लेक्सिबल बदलून वेल्डिंग मारायच्या खर्चापुढं काहीच नाही.

घरी का गॅरेजला? घरी होतं, पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली घुसायचं नाही, स्टँड लावायचेच. डब्ब्याखाली लाकडाचा ठोकळा देऊन आधार द्या, एका वेळी एकच रबर काढा, आणि घालताना हुकाला साबणाचं पाणी लावा, सरकन बसतं. ग्रीस-ऑइल लावू नका, ईपीडीएम तेलानं फुगतं. हुकाची सळईच गंजून तुटली असेल तर सरळ गॅरेज गाठा, तिथं वेल्डिंगच लागतं.

आणि तेलावरून आठवलं, पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडं गाडीखाली जुनं ऑइल आणि डिझेलचा फवारा मारायची जी पद्धत आहे ना, पत्रा वाचतो म्हणून, त्यात ही रबरं हकनाक मरतात. मारायचाच असेल तर रबरांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायला सांगा. त्यापेक्षा काळ्या मातीचा चिखल पाण्यानं धुऊन काढा, तो हुकाभोवती वाळून दगड होतो आणि रबर हलेनासं होतं.

एक गोष्ट मात्र पुढं ढकलू नका. पुढच्या जोडात फट-फट आवाज यायलाय आणि काचा लावून एसीत बसल्यावर डोकं धरतंय, असं असेल तर रबराचा हिशोब नंतर, आधी लिकेज बंद करा. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, धुराचा वास आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

नवं चांगलं रबर टाकूनही दोन-चार महिन्यात परत तुटलं तर दुकानदाराशी भांडायच्या आधी बॉनेट उघडा, कुणाला तरी हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून क्लच हळूच सोडायला सांगा, तुम्ही मात्र गाडीच्या समोर न थांबता बाजूला उभं राहा. इंजिन वीतभर उसळी मारत असेल तर गेलंय ते इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार. ते बदलेपर्यंत सायलेन्सरला कुठलंही रबर टिकणार नाही.